नावेचा खुंटा पाण्याखाली : बोया कसा निवडायचा, दर वर्षी काय तपासायचे?

पुरासाठी घेतलेली बोट वर्षभर सुस्थितीत ठेवायची असेल, तर ती बांधायची कशी, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. दोर, साखळी, वजन आणि बोया यांचा सोपा हिशोब.

कबनूर : दारातल्या जनावराला खुंटा आणि दावे लागते. खुंटा उपटला किंवा दावे झिजले की जनावर सुटते. पाण्यातल्या बोटीचेही तसेच आहे. फरक एवढाच की बोटीचा खुंटा पाण्याखाली असतो आणि तो हलला की तुटला हे बोट वाहून जाईपर्यंत कुणाला कळत नाही.

कबनूर गाव यंत्रमागांचे. पंचगंगा इथून काही किलोमीटरवर, इचलकरंजीच्या दक्षिणेकडून वाहते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांतील गावांना एक धडा दिला. पाणी वेशीत आल्यावर बाहेरून बोट येईपर्यंत वाट पाहणे परवडत नाही. काही ठिकाणी गुऱ्हाळाच्या काहिलीतून माणसे बाहेर काढावी लागली. त्यामुळे स्वतःची छोटी फायबर किंवा पत्र्याची बोट असावी, असे ग्रामपंचायतींना, तरुण मंडळांना, मासेमारांना आणि नदीकाठच्या शेतकऱ्यांना वाटू लागले. बोट घेताना इंजिनची चौकशी होते, लाइफ जॅकेटची होते. ती बांधणार कशाला, हे मात्र बहुतेक वेळा काठावरच्या झाडाकडे बघून ठरते.

काठावर बांधलेली बोट पाणी उतरले की चिखलात तिरकी होते, पाणी चढले की दगडावर आपटते. म्हणून काठापासून थोडे आत, पाण्यातच बोट बांधण्याची पद्धत जगभर आहे. तिला मूरिंग म्हणतात. पाण्यावर दिसणारा तरंगता गोळा किंवा पिंप म्हणजे बोया.

बोया बोट धरत नाही

सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. बोयाचे काम दोनच : साखळीचे वरचे टोक पाण्यावर ठेवायचे आणि जागा दाखवायची. बोट धरून ठेवतात ते पाण्याखालचे भाग. वरून खाली त्यांचा क्रम असा :

• बोटीच्या पुढच्या टोकापासून बोयापर्यंतचा दोर
• बोया
• बोयाखाली फिरकी, म्हणजे स्विव्हल. बोट गोल फिरली तरी साखळीला पीळ बसू नये म्हणून
• साखळी, किंवा वर दोर आणि खाली साखळी
• प्रत्येक जोडाला शॅकल
• तळाला वजन किंवा नांगर

या माळेची ताकद तिच्या सर्वांत कमजोर मण्याएवढीच असते. पाचशे किलोचे वजन टाकले आणि त्याला हलक्या दर्जाचा शॅकल लावला, तर ती सगळी व्यवस्था त्या शॅकलइतकीच मजबूत ठरते.

मोठ्या समुद्रातही नियम हाच आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ या बार्जचे नांगर तुटले. बार्ज भरकटला आणि बुडाला. बार्ज आणि सोबतचा टग मिळून सत्तरहून अधिक जणांचा मृत्यू झाला. नदीतील सोळा फुटी बोट आणि तो बार्ज यांची तुलना आकारात होऊ शकत नाही. पण धरून ठेवणारा दुवा निसटला की पुढचे काहीच हातात राहत नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

तळाला काय टाकायचे?

आपल्याकडे सर्वांत सोपा पर्याय म्हणजे सिमेंट काँक्रीटचा ठोकळा. मात्र काठावर मोजलेले वजन पाण्यात तेवढे राहत नाही. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याचे वजन तिच्या वजनातून कमी होते. काँक्रीट पाण्याच्या साधारण २.४ पट जड असते. म्हणून ५०० किलोचा ठोकळा पाण्यात सुमारे २९० किलोच भरतो. लोखंड पाण्यापेक्षा सात पटींहून अधिक जड. ५०० किलोचे बिडाचे वजन पाण्यातही सुमारे ४३० किलो राहते. कोल्हापूर परिसरात फाउंड्री भरपूर आहेत. बाद झालेले जड बिडाचे ओतकाम वजनाच्या भावात मिळाले, तर ते काँक्रीटपेक्षा चांगले काम देते.

आडव्या ओढीला ठोकळा किती टिकतो, हे तळावर अवलंबून असते. २९० किलोचा ठोकळा कठीण तळावर ढोबळमानाने दीडशे किलोच्या ओढीला सरकू लागतो. गाळात तो रुततो आणि जास्त धरतो. खडकावर घसरतो. म्हणून ठोकळा टाकण्याआधी लांब बांबूने तळ चाचपून पाहावा.

ठोकळ्यात ओतताना बसवलेली कडी हा आणखी एक कच्चा दुवा. साधी सळई वाकवून काम भागवू नये. किमान २० मिमी जाडीचा गज यू आकारात वाकवून, त्याची टोके ठोकळ्यात खोलवर आणि आतल्या सळयांना अडकवून बसवावीत.

दोर : यंत्रमागाच्या गावाला सांगायला नको

सूत ओळखणाऱ्या गावाला दोर निवडणे अवघड नाही. बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

नायलॉन : ताणला की लांबतो, पुन्हा मूळ लांबीवर येतो. लाटेचा किंवा धारेचा हिसका तो पचवतो. म्हणून बोट ते बोया या भागासाठी हाच उत्तम. ओला झाल्यावर त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होते, हे हिशोबात धरावे.

पॉलिएस्टर : कमी लांबतो, उन्हाला आणि घासण्याला चांगला टिकतो. महाग पडतो.

पॉलिप्रॉपिलीन : स्वस्त आणि तरंगणारा. पण उन्हाने लवकर कडक होतो, तंतू तुटू लागतात. शिवाय पाण्यावर पसरलेला दोर दुसऱ्या बोटीच्या पंख्यात अडकतो. कायमच्या बांधणीसाठी तो टाळलेलाच बरा.

दोराला गाठ मारली की त्या जागी त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. त्याऐवजी दोराचे पेड उकलून पुन्हा दोरातच विणले, तर तोटा फार थोडा होतो. फासाच्या आत धातूची थिंबल बसवली की दोर शॅकलवर घासत नाही. बोटीच्या काठाला दोर जिथे टेकतो तिथे जुन्या होजपाइपचा हातभर तुकडा ओवून घ्यावा. दोर बहुधा ओढीने तुटत नाही, घासून तुटतो.

बोया केवढा हवा?

हिशोब सोपा आहे. एक लिटर पाणी बाजूला सारले की एक किलो वजन पेलले जाते. १२ मिमी जाडीची साखळी मीटरला साधारण सव्वातीन किलो भरते. सहा मीटर साखळी बोयाला लटकत असेल, तर हवेत सुमारे २० किलो आणि पाण्यात सुमारे १७ किलो. म्हणजे १७ लिटरचा बोया जेमतेम डोके वर काढेल आणि बोट ओढू लागताच पाण्याखाली जाईल. वजनाच्या अडीच-तीन पट क्षमता धरावी. इथे ५० लिटरचा बोया योग्य.

प्रकार तीन. हवा भरलेला बोया हलका आणि स्वस्त, पण काट्याने फुटला की संपला. आत फोम भरलेला कडक प्लास्टिकचा बोया महाग, पण तडा गेला तरी तरंगत राहतो. तिसरा आपला नेहमीचा निळा पिंप. तो चालतो, पण दोन अटींवर. आत थर्माकोलचे तुकडे ठासून भरावेत, म्हणजे झाकणातून पाणी शिरले तरी पिंप बुडणार नाही. आणि बोट कधीही पिंपाच्या कानाला बांधू नये. प्लास्टिकचा कान झटक्यात निघतो. बोटीचा दोर थेट साखळीच्या वरच्या टोकाला जोडावा, पिंप त्या टोकाला फक्त उचलून धरेल.

रंग ठळक असावा. पिवळा किंवा पांढरा लांबून दिसतो. लाल आणि हिरवा रंग जलमार्गाच्या कडा दाखवण्यासाठी वापरतात, म्हणून खासगी बोयाला ते देऊ नयेत. बोटीचा क्रमांक आणि संपर्काचा फोन बोयावर मोठ्या अक्षरात रंगवावा.

लांबी किती आणि जागा कुठे?

साखळी सरळ उभी ताणली गेली तर ती तळाचे वजन वर उचलते. तिरकी, जवळपास आडवी ओढ बसली तर वजन जागेवर राहते. म्हणून लांबी पाण्याच्या खोलीच्या किमान तिप्पट धरतात. दोराचा भाग जास्त असेल तर पाच ते सात पट.

चार मीटर खोल पाण्यात बारा मीटर साखळी टाकली, तर वजनापासून बोया सुमारे अकरा मीटर लांब जाऊ शकतो. त्यात दोर आणि पाच मीटरची बोट धरली, तर सतरा-अठरा मीटर त्रिज्येचे वर्तुळ मोकळे हवे. नदीच्या पात्रात तेवढी रुंदी नसेल, तर पुढून आणि मागून अशी दोन वजने टाकून बोट धारेच्या रेषेत धरतात.

एक नियम मात्र मोडू नये. बोटीचे पुढचे टोक, कोकणात ज्याला नाळ म्हणतात, ते कायम धारेच्या विरुद्ध दिशेला असावे आणि मुख्य दोर तिथेच असावा. मागच्या बाजूने बांधलेली बोट वेगवान धारेत मागून पाणी घेते. इंजिन तिथेच असते, काठ तिथेच सर्वांत खाली असतो.

जागा निवडताना बंधाऱ्याकडे पाहावे. पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे आहेत. कोल्हापूर पद्धतीच्या या बंधाऱ्यांत पावसाळ्यानंतर बरगे बसवले की मागे पाणी साठते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढले की पातळी झपाट्याने उतरते. मूरिंगची लांबी या दोन्ही पातळ्यांना पुरली पाहिजे. बंधाऱ्याच्या किंवा पुलाच्या अगदी वरच्या अंगाला बोट बांधू नये. सुटलेली बोट थेट खांबावर जाते आणि तिथे अडकून कचराही अडवते. पाणीपुरवठ्याची जॅकवेल, स्नानाचा घाट आणि मासेमारांच्या जाळ्याच्या जागा सोडूनच मूरिंग टाकावे.

परवानगीचे काय?

नदीचे पात्र सरकारी मालकीचे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे पात्रात कायमचा ठोकळा टाकण्याआधी पाटबंधारे विभागाच्या स्थानिक कार्यालयात आणि तहसीलमध्ये लेखी विचारणा करावी. बोटीसाठी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू आहे. त्यात इंजिनच्या बोटीची नोंदणी बंधनकारक आहे. बिनइंजिनच्या नावांची नोंद स्थानिक पातळीवर घेण्याचीही तरतूद आहे.

महापुरात हे मूरिंग टिकेल का?

नाही. पुरासाठी बोट ठेवणाऱ्याने हा हिशोब नीट समजून घ्यायला हवा.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर. समजा, बोट बांधली तेव्हा पाणी चार मीटर खोल होते आणि ते दहा मीटरने वाढले. खोली झाली चौदा मीटर. साखळी बारा मीटरची. आता बोया पाण्याखाली आणि बोटीचे तोंड खाली ओढलेले. जी बोट गावाला वाचवणार होती, ती स्वतःच्याच दाव्याने बुडते.

साखळी लांब घेतली तर? चौदा मीटरची तिप्पट म्हणजे बेचाळीस मीटर. एवढे लांब दावे इतर दिवसांत बोटीला या काठावरून त्या काठावर फिरवेल.

दुसरा हिशोब धारेचा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. सोळा फुटी बोट आणि तिच्यासमोर अडकलेला कचरा मिळून अर्धा चौरस मीटर आडोसा धरला, तर सेकंदाला एक मीटर वेगात ओढ सुमारे २५ किलो, दोन मीटर वेगात १०० किलो, तीन मीटर वेगात सव्वादोनशे किलोपेक्षा जास्त. आपला पाचशे किलोचा ठोकळा मात्र दीडशे किलोलाच सरकू लागतो. त्यात पंचगंगेत जलपर्णी आहे. पहिल्या पाण्याबरोबर तिचे तराफे वाहत येतात आणि साखळीला अडकून बसतात. मग अर्ध्या चौरस मीटरचे दोन-तीन चौरस मीटर व्हायला वेळ लागत नाही.

तिसरा हिशोब पावसाचा. उघड्या सोळा फुटी बोटीत ५० मिमी पाऊस साचला, तर साडेतीनशे ते चारशे लिटर, म्हणजे तेवढेच किलो पाणी जमा होते. एका रात्रीत बोट स्वतःच्या वजनाइतके पाणी घेऊ शकते.

म्हणून नदीतले मूरिंग पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंतचेच समजावे. कोकणातही हाच शहाणपणा आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि त्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. पंचगंगेकाठी बोट मेअखेर पाण्याबाहेर काढून २०१९ आणि २०२१ च्या पूररेषेच्या वर, ट्रॉलीवर, रस्त्याला लागून ठेवावी. जमिनीवर असताना तळाचे बूच काढून ठेवावे आणि ते इंजिनलाच बांधावे, म्हणजे पाण्यात सोडताना विसरणार नाही.

पूर आल्यावर बोट वापरात असेल, तर ती पाण्यातल्या मूरिंगला न बांधता काठावरच्या दोन भक्कम आधारांना दोन लांब दोरांनी बांधावी आणि पाणी चढेल तसा दोर सैल करायला माणूस नेमावा. विजेचा खांब हा आधार नव्हे.

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे बचावकार्यातील बोट उलटून गावकऱ्यांचे जीव गेले. त्या दुर्घटनेचा बोट बांधण्याशी संबंध नव्हता. पण पुराच्या दिवशी बोटीवर किती भार येतो आणि चुकीला जागा किती कमी असते, हे त्या दिवसाने दाखवून दिले. बोट, दोर आणि माणसे या सगळ्यांची तयारी पाणी येण्याआधीच व्हावी लागते.

देखभाल : कधी काय पाहायचे?

दर आठवड्याला : दोर घासतो ती जागा, बोया नेहमीइतकाच वर आहे का, जलपर्णी अडकली आहे का. बोया खाली गेला असेल, तर आत पाणी शिरले किंवा साखळीत काही अडकले असे समजावे.

दर महिन्याला : बोया बोटीत ओढून घ्यावा. वरची दोन-तीन मीटर साखळी, फिरकी आणि शॅकल पाहावेत. शॅकलची पिन बाइंडिंग वायरने बांधलेली असलीच पाहिजे. सतत हलणाऱ्या बोटीने न बांधलेली पिन काही आठवड्यांत आपोआप उलगडते.

उन्हाळ्यात, पाणी तळाला गेल्यावर : हीच खरी तपासणीची वेळ. नदी स्वतःच ठोकळा उघडा करते, किंवा निदान हाताला लागेल इतका वर आणते. साखळी जिथे तळाला टेकते आणि रोज घासते, तिथे ती सर्वांत जास्त झिजते. व्हर्निअरने कडीची जाडी मोजावी. १२ मिमीची कडी १० मिमीवर आली, तर ताकद सुमारे तीस टक्के गेली. साखळी बदलावी. गंजाचे पापुद्रे खरवडूनच मोजमाप घ्यावे, नाहीतर गंजच जाडी दाखवतो.

पावसाळा संपल्यावर : पुराने ठोकळा सरकवला किंवा गाळात गाडला असू शकतो. जागा जुनीच आहे असे न मानता पुन्हा ओढून पाहावे. इंजिनच्या बोटीने हळूहळू जोर लावून बघावा. मगच बोट रात्रभर सोडावी.

दर दोन वर्षांनी : उन्हात राहणारा दोर दिसायला चांगला असला तरी बदलावा. जुना दोर शेतात उपयोगी पडतो, बोटीला नाही.

तपासणीचा दिवस, मोजलेली जाडी आणि बदललेला भाग एका वहीत लिहून ठेवावा. बोट ग्रामपंचायतीची किंवा मंडळाची असेल, तर ही वही आणखी गरजेची. पदाधिकारी बदलतात, आणि पाण्याखाली काय आहे हे नव्या माणसाला दुसऱ्या कशातूनच कळत नाही.

थोडक्यात

• बोया जागा दाखवतो. बोट धरतात साखळी, शॅकल आणि तळाचे वजन.
• काँक्रीटचे वजन पाण्यात जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी होते.
• बोट पिंपाच्या कानाला नव्हे, साखळीला बांधा.
• बोटीचे तोंड कायम धारेच्या विरुद्ध ठेवा.
• शॅकलच्या पिनला वायर बांधा.
• मेअखेर बोट पाण्याबाहेर, पूररेषेच्या वर.